पित्तनळीचे तोंड

तांब्यापितळेची भांडी घडविणाऱ्या आमच्या सोनगीरच्या कारागिराला तोटी तुंबली म्हणजे काय करावे, हे शिकवावे लागत नाही. तो आत बारीक तार घालतो. भांडे कापीत बसत नाही. माणसाच्या पोटातील तुंबलेल्या नळीला हाच न्याय लावण्यास वैद्यकाला मात्र १९७४ साल उजाडावे लागले. आम्ही डॉक्टर नव्हे. कामगार संघटनेचे काम करताना जे पाहिले व त्यापायी जे वाचले, तेवढेच आमचे भांडवल.

यकृतातले पित्त एका नळीवाटे लहान आतड्याच्या आरंभी येऊन पडते. त्या नळीचे तोंड म्हणजे आतड्याच्या भिंतीवरचा एक लहानसा उंचवटा. फाटर या जर्मन पंडिताने १७२० साली त्याचे वर्णन केले. त्याची उघडझाप करणारा स्नायू १८८७ साली ओडी या इटालियन विद्यार्थ्याने वर्णिला. पित्ताशयातला खडा घसरून या तोंडाशी अडकला की पित्त रक्तात उतरते. डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज. आणि त्यात थंडी वाजून ताप आला, तर जिवाशीच गाठ.

यावर एकच इलाज असे, पोट फाडणे. बर्लिनच्या लांगेनबुखने १८८२ साली पित्ताशय काढून दाखविले. परंतु नळीतला खडा काढावयाचा तर पोट उघडून पुढे कित्येक दिवस रबरी नळी बाहेर लोंबत ठेवावी लागे. हातावर पोट असलेल्या माणसाला रोग एक वेळ परवडे, ही विश्रांती परवडत नसे.

आत पाहण्याची धडपड जुनीच होती. १८६८ साली जर्मनीतल्या कुसमाउलने तलवार गिळणाऱ्या एका खेळगड्याच्या घशातून सरळ नळी उतरविली. पण सरळ नळी वळणार कशी? ते कोडे काचेच्या केसाएवढ्या तंतूंनी सोडविले. १९५४ साली लंडनमध्ये हॉपकिन्स आणि आपल्या पंजाबातल्या मोगा गावचे नरिंदरसिंग कपानी यांनी अशा तंतूंच्या जुडीतून चित्र वाहून नेता येते हे प्रसिद्ध केले आणि सुमारे तीन वर्षांनी अमेरिकेत हिर्शोविट्झने वाकणारी दुर्बीण जठरात घातली. १९६८ साली वॉशिंग्टनच्या मॅक्यून यांनी फाटरच्या उंचवट्यात बारीक नळी सारून रंगद्रव्य सोडले व क्ष-किरणावर चित्र घेतले. मग जपानी डॉक्टरांनी व यंत्रे बनविणाऱ्यांनी मिळून बाजूला पाहणारी दुर्बीण सुधारली. डॉक्टरांची नावे ग्रंथांत आहेत. काच घासणाऱ्या हातांची नाहीत, हे जाता जाता नोंदवितो.

१९७४ साली जर्मनीत क्लासेन व डेमलिंग यांनी आणि जपानात कावाई यांनी विजेच्या तारेने ते तोंड किंचित कापून खडा आतड्यात सोडण्याची रीत प्रसिद्ध केली. पुढे हॅम्बुर्गच्या सोहेंद्र यांनी अरुंद नळीत प्लास्टिकची नळकांडी बसविली. त्यांच्या हाताखाली काम केलेले डॉ. अमित मायदेव यांनी मुंबईत हीच विद्या चालविली. इकडे १९९० साली सरकारी जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी लहान छिद्रांतून पित्ताशय काढले. आता चुंबकीय यंत्राने नुसते चित्र मिळते. म्हणून दुर्बीण बहुधा काही काम करावयाचे असेल तेव्हाच घालतात. ते योग्यच, कारण तिच्यामुळे शंभरांत काही जणांना स्वादुपिंडाची सूज येते आणि ती कधी जीवघेणी ठरते.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका सोबत्याचे डोळे पिवळे झाले. गळ्यात कावीळीची माळ पडली, दंडावर डाग बसला. यकृताला विषाणूमुळे येणारी कावीळ बहुधा आपली आपण उतरते, त्याचे श्रेय माळेला मिळते. खडा माळेने हलत नाही. तीन आठवडे असे गेले. ताप भरला तेव्हा आम्ही त्याला धुळ्यास नेले, तेथून मोठ्या शहरी धाडावे लागले. संघटनेची वर्गणी पुरली नाही. बायकोच्या बांगड्या गेल्या. राज्य विमा योजनेचा आधार म्हणावा, तर दहा माणसांच्या खालच्या कारखान्याला तो कायदा तेव्हा लागू नव्हता, आणि आमचे बहुतेक कारखाने त्याहून लहान.

दुर्बिणीने खडा निघाला. दुसऱ्या दिवशी तो उठून बसला व आम्हांस पहिला प्रश्न विचारला तो हा, की तार केवढ्या जाडीची होती?