डेन्मार्कचा ट्रोल, तेरची मूर्ती आणि भंगारात गेलेला हुक्का

माझ्या पुस्तकांच्या कपाटात काचेमागे वीतभर उंचीची एक रबरी बाहुली उभी आहे. चपटं नाक, काचेचे बटबटीत डोळे, कानापर्यंत पसरलेलं हसू आणि डोक्यावर ताठ उभे पांढरे केस. चुलत भावाने ती कोपनहेगनच्या जुन्या बाजारातून आणली. अम्मीने पाहिली आणि म्हणाली, "ये भुतना कायकू लाया रे घरमें?" तेव्हापासून आमच्या घरात तिचं नाव ‘अम्मीचं भूत’ पडलं आहे.

हा ट्रोल. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क या मुलखातल्या लोककथांमधला डोंगर-जंगलात राहणारा राक्षस. आपल्याकडच्या वेताळ-मुंजाचा दूरचा भाऊ म्हणा. नॉर्वेत आस्ब्यॉर्नसन आणि मू या दोघांनी 1840 च्या दशकात गावोगावच्या कथा गोळा करून छापल्या. पुढे थिओडोर किटेलसेन या चित्रकाराने त्यांना रूप दिलं. उन्हाचा किरण लागला की ट्रोलचा दगड होतो, असं त्या कथा सांगतात. माझ्याकडचा ट्रोल मात्र कथेतला नाही, कारखान्यातला आहे. थॉमस डॅम नावाच्या डॅनिश माणसाने आधी लाकडात असे ट्रोल कोरले आणि 1959 च्या सुमारास गोल नावाच्या लहानशा गावात रबरी बाहुल्या करायला सुरुवात केली. काही वर्षांत त्या जगभर पोचल्या. अमेरिकेत त्यांची इतकी नक्कल झाली की मालकी हक्काचा वाद कोर्टात गेला, आणि 1965 मध्ये डॅम तो हरला.

या बाहुल्या जमवणारे लोक आज जगभर आहेत. ते आधी ट्रोल उलटा करतात. पाठीवर किंवा तळपायावर ठसा आहे का, डोळे काचेचे की प्लॅस्टिकचे, केस लोकरीचे की नायलॉनचे, एवढं बघून अस्सल-नक्कल ठरवतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पोरांच्या खेळण्याला इतका मान. मला आधी हसू आलं. मग आपल्याच भागातला एक माणूस आठवला आणि हसू थांबलं.

तो माणूस म्हणजे तेरचे रामलिंगप्पा लामतुरे.

सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव करत एसटीने तेरला जाता येतं. तेरणा नदीच्या काठचं हे गाव बहुतेकांना संत गोरोबाकाकांमुळे माहीत आहे. संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं, हे पारखणारा हा कुंभार. त्यांची समाधी इथेच आहे. पण गोरोबांच्या आधी हजार-बाराशे वर्षांपासून या गावातले कुंभार माती मळत होते, आणि त्यांचा माल किती नाजूक होता, हे आपल्याला कळलं ते लामतुरेंमुळे.

इ.स. च्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने अरबी समुद्रातल्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ते पुस्तक ओळखलं जातं. भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’ नावाचं फार मोठं शहर आहे, असं तो सांगतो. तगरहून गाड्यांवर लादून अवघड वाटांनी काय जायचं? मुख्यतः कापड. साधं कापड आणि मलमलही. सोलापूरच्या, मागाच्या आवाजात वाढलेल्या माणसाला ही ओळ वाचून काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको.

हे तगर नेमकं कुठलं, यावर विद्वानांमध्ये बराच काळ वाद होता. कोणी देवगिरी म्हणे, कोणी जुन्नर. 1901 मध्ये फ्लीट यांनी तगर म्हणजेच तेर असं मांडलं. त्याच सुमारास हेन्री कझिन्स यांनी गावाला भेट देऊन तिथली टेकाडं आणि विटांचं त्रिविक्रम मंदिर यांची नोंद केली. पण शहराचं नाव सापडलं तरी शहरातली माणसं सापडायची होती. ती मातीत होती.

आपल्या भागातल्या जुन्या गावांना पांढरी असते. शतकानुशतकं घरं पडली, त्यावर नवी उभी राहिली आणि टेकाड तयार झालं, त्याची ही पांढरट माती. माळवदाच्या घरासाठी, शेतात टाकण्यासाठी लोक ती खणून नेतात. तेरच्या पांढरीतून असं खणताना, पावसाने माती वाहून जाताना वस्तू वर यायच्या. मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, दिवे, आणि मातीची लहान लहान माणसं. कोणाच्या डोक्यावर भरगच्च केशरचना, कोणाच्या कानात जड कुंडलं. काही तांबड्या मातीची, काही पांढऱ्याशुभ्र केओलीन मातीची. पुढची आणि मागची बाजू दोन वेगळ्या साच्यांत दाबून मग जोडलेली, आतून पोकळ. पोरांनी त्यांच्याशी खेळावं, फोडावं, फेकून द्यावं, हे सहज होण्यासारखं होतं. लामतुरेंनी त्या उचलून ठेवल्या. आयुष्यभर ठेवत राहिले. व्यवसायाने ते पुरातत्त्वज्ञ नव्हते.

त्यांच्या संग्रहात हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. 1938 मध्ये इटलीत पोम्पेईच्या उत्खननात अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली होती. पोम्पेई इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच इथून तिथे पोचलेली. तिच्याशी जवळचं नातं सांगणाऱ्या मूर्ती दख्खनमध्ये मिळाल्या, भोकरदनला आणि तेरला. रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकंही तेरला मिळाली आहेत. परदेशी सोन्याचं नाणं गळ्यात घालणं ज्यांना परवडत नव्हतं, त्यांनी मातीचं घातलं असावं. हौस तीच, फक्त ऐपत वेगळी.

त्या काळी तेर निजामाच्या राज्यात होतं. हैदराबाद संस्थानाने 1914 मध्ये पुरातत्त्व खातं सुरू केलं आणि त्याची धुरा गुलाम यझदानी यांच्याकडे दिली. अजिंठ्याच्या चित्रांवरचे त्यांचे ग्रंथ आणि बिदरवरचं पुस्तक आजही अभ्यासकांना लागतं. त्यांच्याच काळात, 1940 नंतर, आज तेलंगणात असलेल्या कोंडापूरला उत्खनन झालं आणि तिथेही तेरसारख्याच केओलीनच्या, दुहेरी साच्यातल्या मूर्ती मिळाल्या. एक मुसलमान विद्वान सातवाहनांच्या मूर्ती मातीतून काढून जपतो आहे, याचं तेव्हा कोणाला नवल वाटलं नसावं. आज ते मुद्दाम सांगावं लागतं.

1958 मध्ये चापेकरांनी तेरला रीतसर उत्खनन केलं. 1960 मध्ये ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी तेरवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. लामतुरेंचा संग्रह पुढे शासनाकडे आला. त्यांच्याच नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आज तेरला आहे.

तिथे पहिल्यांदा गेलो, तेव्हा परतीच्या वाटेवर अम्मीचाच प्रश्न मनात होता. मूर्ती म्हटलं की आपल्या घरात एक अस्वस्थता येते, ती मी नाकारत नाही. उलेमांमध्ये यावर मतभेद आहेत आणि फतवा देणं माझं काम नाही. पण हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांची रिवायत आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. त्या बाहुल्यांमध्ये कापडाचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असं प्रेषितांनी (स.) विचारलं, तेव्हा सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते ना, असं उत्तर मिळालं आणि प्रेषित हसले. अबू दाऊदच्या संग्रहात ही हकीकत आहे. पूजा करणं वेगळं आणि मागच्या माणसांच्या हातचं काम जपणं वेगळं, इतकंच मी अम्मीला सांगितलं. तिला ते पूर्ण पटलं असं नाही. पण भूत कपाटात राहिलं.

मात्र जमवणं म्हणजे आपोआप जपणं, असंही नाही. हे मला सोलापुरातच शिकायला मिळालं.

तीन-चार वर्षांपूर्वी एका ओळखीच्या माणसाने रुमालातून एक मातीचं मुंडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. लिंबाएवढं. "तेरचं आहे, आठशे द्या." हातात घेतलं तर सोडवेना. मी विचारलं, कुठल्या शेतातलं? किती खोल होतं? सोबत काय निघालं? त्याला काहीच सांगता येईना. ते तेरचं होतं की मागच्या महिन्यात कोणी भाजलेलं, हेसुद्धा कळायला मार्ग नव्हता.

खेळण्यातल्या ट्रोलच्या पाठीवर ठसा असतो. मातीतून निघालेल्या वस्तूचा ठसा तिच्या अंगावर नसतो, तो तिच्या जागेत असतो. कोणत्या थरात, कोणत्या नाण्याशेजारी, कोणत्या घराच्या भिंतीलगत ती पडली होती, यावरून तिचं वय आणि काम ठरतं. जागा पुसली की वस्तू अर्धी मुकी होते. लामतुरेंच्या संग्रहालाही ही मर्यादा आहेच. बऱ्याचशा वस्तू वरवर मिळालेल्या, थर माहीत नसलेल्या. उत्खननांनी थर दाखवले, तेव्हा त्या वस्तू त्यांच्या जोडीने नीट वाचता आल्या. पण लामतुरेंनी निदान गावातली वस्तू गावात ठेवली. रुमालातलं मुंडकं गावातून निघालं होतं आणि परत जाणार नव्हतं.

शिवाय कायदा आहे. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन कलेक्टरला कळवावं लागतं. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ‘पुरावस्तू’ ठरते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. भाजलेल्या मातीच्या मूर्तींची नोंदणीही करावी लागते. मी मुंडकं विकत घेतलं नाही. पण ते कोणाला कळवलंही नाही. त्याने रुमाल पुन्हा बांधला आणि गेला. आज ते कुठे आहे, मला माहीत नाही. आठशे रुपये वाचवून हात झटकले, यात मोठेपणा काही नव्हता.

आणि त्याआधीची एक गोष्ट याहून जवळची आहे. दादांच्या पश्चात घर आवरताना माळ्यावर एका काळपट हुक्क्याचा खालचा भाग निघाला. भांड्यासारखा, जड. भंगारवाल्याने जस्ताच्या भावाने घेतला. तराजूत मीच ठेवला. पुढे कितीतरी वर्षांनी बिदरला कारागीर काम करताना पाहिले. जस्तात थोडं तांबं मिसळून ओतकाम करायचं, नक्षी कोरायची, त्यात चांदीची तार ठोकून बसवायची आणि शेवटी किल्ल्यातली जुनी माती व नवसागराच्या पाण्याने काळं करायचं. जस्त काळं होतं, चांदी तशीच राहते. देखभाल नसली की चांदीही काळवंडते आणि दोन्ही एकच दिसायला लागतं. मी वजनावर काय विकलं, ते त्या दुकानात उभ्या उभ्या कळलं.

आपल्या इतिहासावर बोलताना आपण नेहमी किल्ले, मशिदी, फर्मानं यांच्याविषयी बोलतो. कोणी आपला वारसा पुसतो आहे, अशी तक्रारही करतो आणि ती अनेकदा खरी असते. पण पानदान, उगालदान, दादीच्या हातचं तोरण, मोहर्रमच्या बुराकाचा जुना लाकडी चेहरा, वहीत उतरवलेल्या मर्सिया, हे पुसायला बाहेरचं कोणी येत नाही. ते आपण भंगारात घालतो. तेर हे ‘त्यांचं’ आणि बिदर हे ‘आपलं’, असंही मला वाटत नाही. तेरणाकाठच्या कुंभाराची माती आणि बिदरच्या किल्ल्यातली माती एकाच दख्खनची आहे, आणि आपले आजे-पणजे तिच्यातूनच उगवलेले आहेत.

सध्या मी एक साधं काम करतो. घरात उरलेल्या प्रत्येक जुन्या वस्तूसाठी पोस्टकार्डाएवढा कागद घेतो आणि त्यावर लिहितो: काय आहे, कोणाचं होतं, कुठून आलं, कोणी सांगितलं. अम्मी पानदानापाशी बसून सांगते. तिच्या अम्मीने ते गुलबर्ग्याच्या उर्सात घेतलं होतं, झाकण एकदा दुरुस्त केलं होतं, आतली चुन्याची डबी मूळची नाही. एवढं कोणत्याही वस्तुसंग्रहालयाला माहीत असणं शक्य नव्हतं.

मागच्या आठवड्यात तिने स्वतःहून विचारलं, "उस भुतनेका कागज लिख्या क्या?" लिहिलं नव्हतं. आता लिहिलं आहे: ट्रोल, रबरी, डेन्मार्क, चुलत भावाने कोपनहेगनहून आणला. पाठीवर ठसा नाही, म्हणजे बहुधा नक्कल.