लक्षात ठेवण्याचे काम कोणाचे?

१९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ प्रोग्रॅममधली एक चूक शोधण्यात वाया गेली. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहून गेली होती आणि चालत होता तो जुनाच प्रोग्रॅम. त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी यावर उपाय म्हणून ‘मेक’ हे साधन लिहिले. कोणती फाइल कशापासून तयार होते हे एकदा लिहून ठेवायचे. मग मेक दोन्हींच्या बदलाच्या वेळा ताडून पाहते आणि मूळ फाइल नवी, तयार फाइल जुनी असेल तेवढेच पुन्हा बनवते. आपोआप कंपाइल करण्याचा इतिहास बहुधा वेग आणि सोयीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माझ्या मते तो विश्वासाचा इतिहास आहे. समोर चालतेय ते मी आत्ता लिहिलेलेच आहे, याची हमी माणसाच्या स्मरणशक्तीवर किती सोडायची, हा त्यातला खरा प्रश्न आहे.

मेकने अर्धेच ओझे उचलले, कारण हुकूम द्यायची आठवण माणसालाच ठेवावी लागे. उरलेले अर्धे उचलायचे तर फाइल बदलल्याची वर्दी ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच मिळायला हवी. लिनक्समध्ये २००५ साली ‘आयनोटिफाय’ आले, मॅकवर २००७ साली ‘एफएसइव्हेंट्स’. अशी सोय नसेल तर प्रत्येक फाइल ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा तपासण्यावाचून गत्यंतर नसते. ही सोय झाली त्याच सुमारास वेबवर तिची गरज वाढत होती. ब्राउझरला थेट न कळणाऱ्या, आधी सीएसएस किंवा जावास्क्रिप्टमध्ये बदलाव्या लागणाऱ्या भाषा येत होत्या: सॅस २००६ साली आले, कॉफीस्क्रिप्ट २००९ साली. ‘रेल्स’ या वेब फ्रेमवर्कच्या ३.१ आवृत्तीने २०११ मध्ये अशा फाइलींचे रूपांतर थेट आपल्या रचनेतच बसवले. पुढच्याच वर्षी अशी कामे आपोआप करणारी ग्रंट आणि वेबपॅक ही साधने आली. सेव्ह करायचे, ब्राउझर रिफ्रेश करायचा, एवढीच सवय असलेल्यांना मधली कंपाइलची पायरी लक्षात ठेवायला लावणे शक्यच नव्हते.

यावर आक्षेप येतो की ही अडचण ओढवून घेतलेली आहे. ब्राउझर मूळ फाइल जशीच्या तशी वाचत होता, मध्ये पायरी घातलीच कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण जुन्या ब्राउझरांना नवी भाषा कळत नव्हती आणि शेकडो सुट्या फाइली एकेक करून मागवणे परवडत नव्हते. शिवाय २०२० साली आलेल्या ‘व्हीट’ या साधनाचा पुरावा बोलका आहे. ब्राउझर स्वतःच मॉड्यूल वाचू लागल्यावर व्हीटने विकासाच्या वेळी सगळा कोड एकत्र बांधणे सोडून दिले, पण फाइलींवरची पाळत सोडली नाही. बांधणीची गरज ओसरली, हमीची ओसरली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: यंत्रही चुकते. काही एडिटर सेव्ह करताना तात्पुरती फाइल लिहून ती जुन्या नावावर बसवतात. अशा वेळी जुन्या फाइलीवर नजर ठेवणाऱ्याला पुढचे बदल कळतच नाहीत. आयनोटिफायला प्रत्येक उपफोल्डरवर वेगळा पहारा बसवावा लागतो, आणि अशा पहाऱ्यांची मर्यादा अनेक यंत्रांवर ८,१९२ इतकीच असे. ती संपली की डिस्कवर भरपूर जागा असतानाही ‘जागा शिल्लक नाही’ असा दिशाभूल करणारा संदेश येतो. तरीही असा दोष एकदा शोधून साधनात दुरुस्त केला की सर्वांसाठी दुरुस्त होतो. माणसाचा विसरभोळेपणा मात्र रोज नव्याने सांभाळावा लागतो. एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. पहारा गुपचूप बंद पडला तर हानी जास्त, कारण तोवर आपण स्वतः तपासणे सोडून दिलेले असते. म्हणून कंपाइल फसले तर ती चूक थेट ब्राउझरच्या पानावर ठळक दाखवणारी साधने मला मोलाची वाटतात. साधन निवडताना किती सेकंद वाचले हे जरूर पाहावे. पण जुने काम नवे म्हणून ते कधीही खपवत नाही ना, हे त्याआधी पाहावे.