गिअर बदलणारा हात

इतिहासाच्या वाचकांना पाबळचे नाव ठाऊक असते ते मस्तानीमुळे. बाजीरावाने हे गाव तिला इनाम दिले आणि तिची समाधीही येथेच आहे. शिरूर तालुक्याच्या ह्या कोरड्या पट्ट्यात आलेला प्रवासी समाधीपुढे घटकाभर उभा राहतो आणि आल्या वाटेने परततो. परंतु ह्याच गावाच्या आसपास दुसऱ्याही एका इतिहासाचे धागे सापडतात. तो इतिहास आहे यंत्राच्या गतीचा, आणि ती गती कोणाच्या हाती असावी ह्या वादाचा.

पाबळपासून सरळ रेषेत वीस-बावीस किलोमीटरांवर आग्नेयेस रांजणगाव, आणि जवळजवळ तेवढ्याच अंतरावर पश्चिमेकडे चाकण. पूर्वी रांजणगावची ओळख महागणपतीने होत असे, आणि चाकणची, १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाविरुद्ध झुंजविलेल्या किल्ल्याने. आज दोन्ही गावे मोटारींची झाली आहेत. जीप ह्या अमेरिकन नावाची ‘कंपास’ ही गाडी २०१७ पासून रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात बनू लागली. त्याच वर्षी त्याच आवारातून टाटांची ‘नेक्सॉन’ बाहेर पडली. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि पाठोपाठ महिंद्रांचाही आला. ह्या गाड्या दिसावयास दणकट, जमिनीपासून उंच. पण आतून त्या मोटारीच्याच जातीच्या. त्यांच्या इंजिनाला टर्बो असतो, आणि पुष्कळांचा गिअर आपोआप बदलतो. मालकांची कुरकुर असते ती नेमकी ह्या दोहोंच्या संसाराबद्दल. वाहतूक मुंगीच्या पावलाने चालली की गाडी धक्के खाते. पुढच्याला मागे टाकावे म्हणून पाय दाबावा तर क्षणभर काहीच घडत नाही आणि मग गाडी एकदम उसळते. चढावर थांबून पुन्हा निघताना तसूभर मागे सरकते. हा दोष म्हणावा की स्वभाव? उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल.

घोड्याला गिअर नसतो. १७२८ साली पालखेडला निजामाला कोंडणाऱ्या बाजीरावाच्या स्वारांनी टाच दिली की घोडा चालीवरून दुडकीवर आणि दुडकीवरून भरधाव जात असे. पाय कसे टाकायचे हे तोच ठरवी. बैलाचे तर आणखी विशेष. तो उभ्या जागेवरून सर्वात अधिक ओढतो. पेट्रोलचे इंजिन ह्याच्या अगदी उलट. ते थांबलेले असता त्यात काडीचे बळ नसते. मिनिटाला हजार-दोन हजार फेरे झाल्यावर कोठे त्याला जोर येतो. म्हणून इंजिन आणि चाक ह्यांच्यामध्ये लहानमोठ्या दंतचक्रांची पेटी घालावी लागते. फ्रान्सच्या एमिल लव्हासोरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशी सरकत्या चक्रांची पेटी रूढ केली. हा प्रकार रानटी आहे पण चालतो, असे तो म्हणे, अशी आख्यायिका आहे. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. फिरत्या दात्यांत दाते अडकविताना जो खडखडाट होई, त्याने दोन पिढ्यांच्या ड्रायव्हरांचे कान किटले. १९२८ साली कॅडिलॅक गाडीत अर्ल थॉम्प्सनची युक्ती आली आणि दाते अडकण्यापूर्वीच त्यांचा वेग जुळू लागला. मग थॉम्प्सनच्या मनात पुढचा प्रश्न आला : हा हातच मधून काढता येणार नाही काय?

त्याची सोय जर्मनीत आधीच होऊन बसली होती, आणि तीही मोटारीसाठी नव्हे. आगबोटीचे वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते, तर तिचा पंखा सावकाश फिरला तरच पाणी नीट ढकलतो. ह्या अडचणीवर हेर्मान फ्योटिंगरने १९०५ साली एक पेटंट घेतले. पाती बसविलेली दोन चाके समोरासमोर ठेवायची, मध्ये द्रव भरायचा. एक चाक तो घुसळते आणि त्या भोवऱ्याने दुसरे फिरते. दोहोंत धातूचा स्पर्श नाही, म्हणून धक्का नाही. आमच्या डेऱ्यातील ताकाला ही विद्या ठाऊक होती, पण पेटंट घेण्याचे कोणाला सुचले नाही, इतकेच! थॉम्प्सन व त्याच्या सहकाऱ्यांनी तेलाची अशी जोडणी आणि सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी फिरणारी दंतचक्रे एकत्र आणली. १९४० च्या ओल्ड्समोबिल गाडीत ‘हायड्रामॅटिक’ आले. पुढे महायुद्धात ते रणगाड्यांतही बसले. १९४८ साली ब्युइक गाडीत तेलाचे चाक नुसता वेग पोहोचवून न थांबता जोरही वाढवू लागले. ह्या सुखाची किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागे, कारण तेल घुसळण्यात काही शक्ती वाया जाणारच.

योगायोग असा की, त्याच १९०५ साली स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने टर्बोची कल्पना नोंदविली. धुराड्यातून फुकट जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्री फिरवायची आणि तिच्या जोरावर इंजिनात अधिक हवा कोंबायची. ह्या युक्तीत एक खोच आहे. धूर वाढल्यावाचून चक्री वेग घेत नाही आणि चक्रीने वेग घेतल्यावाचून जोर येत नाही. ह्या फेऱ्यात क्षण जातो. आगबोटीच्या मोठ्या डिझेल इंजिनाला त्या क्षणाची मातब्बरी नाही. चौकातल्या मोटारीला आहे.

दोन्ही युक्त्या एका गाडीत आल्या त्याही ओल्ड्समोबिलच्याच घरी. १९६२ च्या ‘जेटफायर’ला टर्बो होता आणि मागणीप्रमाणे आपोआप बदलणारा गिअरही मिळे. इंजिन फार तापू नये म्हणून तिच्यात पाणी व मिथेनॉल ह्यांचे मिश्रण निराळ्या टाकीत भरावे लागे. मालक ते भरावयास विसरत. मग गाडीचे बळ आपोआप आखडे आणि मालक कंपनीच्या नावाने बोटे मोडीत. पुष्कळ गाड्यांतून टर्बो काढूनच टाकण्यात आला आणि दोन वर्षांत तो प्रकार संपला. मला ही हकीकत फार बोलकी वाटते. यंत्राने चूक केली नव्हती. पण आपल्या गाडीत काय चालले आहे हे मालकाला कोणी पुरते समजावले नव्हते.

आता रांजणगाव-चाकणच्या गाड्यांकडे वळू. तेल घुसळण्यातील नुकसान टाळावे म्हणून मधल्या काळात दुसरी वाट निघाली. झारच्या पदरी राहिलेला फ्रेंच इंजिनिअर आडोल्फ केग्रेस ह्याने १९३९ साली दोन क्लचांची पेटी कल्पिली होती : एकाकडे विषम गिअर, दुसऱ्याकडे सम, एक चालू असता दुसरा तयार. १९४३ साली तो वारला, आणि कल्पना कागदावर राहिली. ती विक्रीच्या मोटारीत उतरली २००३ साली, फोक्सवॅगनच्या गोल्फमध्ये. २०१७ च्या पेट्रोल ‘कंपास’ला सात गिअरांची अशीच पेटी होती. वेगात ती लोण्यासारखी चालते. परंतु क्लच कोरडा असेल तर मुंगीच्या पावलाने चालताना तो सारखा अर्धवट घासत राहतो, तापतो, आणि गणकयंत्र त्याला वाचविण्यासाठी सोडते-धरते. तोच तो धक्का. पुण्या-नगरच्या रस्त्यावर शिक्रापूरच्या कोंडीत सापडलेल्याने हे ध्यानी घ्यावे. हाताच्या गिअरवर असाच क्लच दाबून बसणाऱ्याला आपण अडाणी ड्रायव्हर म्हणतो.

फोक्सवॅगनने २०१३ साली जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या ह्या सात-गिअरी पेटीतील तेल बदलण्यासाठी परत बोलाविल्या. उष्ण, दमट हवेत कृत्रिम तेलामुळे पेटीची वीज खंडित होण्याचा संभव होता. म्हणून खनिज तेल घालण्यात आले. जर्मनीत पास झालेले यंत्र आशियाच्या उन्हात नापास होऊ शकते, हे तेव्हा जाहीरपणे मान्य झाले. जीपनेही त्याच वर्षी अमेरिकेत नऊ गिअरांची पेटी आणली. तिचे गणकयंत्र नीट जुळेना म्हणून तयार ‘चेरोकी’ गाड्या कित्येक आठवडे आवारातच खोळंबल्या. तिच्यात दोन ठिकाणी घासणाऱ्या क्लचाऐवजी दात्यांत दाते अडकतात. ते सुटताना इंजिनाला क्षणभर दम खावा लागतो. पाऊणशेहून अधिक वर्षांपूर्वी थॉम्प्सनने ज्या दात्यांशी झुंज घेतली तेच हे दाते! ‘नेक्सॉन’ला २०१८ साली मिळालेली पेटी त्यामानाने सरळ आहे. साधीच हाताची पेटी, फक्त हाताच्या जागी यंत्र. गिअर बदलताना गाडी मान डोलावते, हे खरे. पण माझे मत विचाराल तर हीच तिघींत प्रामाणिक. तालुक्याच्या फिटरला तिची निम्मी ओळख आधीच असते.

आणि येथेच पाबळचा संबंध येतो. हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधनशाळेतील मोठी जागा सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ साली ह्या दुष्काळी गावात आले आणि पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या आश्रयाखाली त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेल्या मुलांनी वेल्डिंग करावे, विजेची तार ओढावी, भिंत बांधावी, गाई पाळाव्यात आणि त्यातून विज्ञान शिकावे, असा त्यांचा रोख. त्या आश्रमाने जुन्या जीपच्या भागांतून एक लहान ट्रॅक्टर जुळविला. त्याचे नाव ‘मेकबुल’, म्हणजे यांत्रिक बैल. लहान शेतकऱ्याला परवडावा, मोडला तर त्याचा भाग भंगारबाजारात मिळावा, आणि दुरुस्ती गावच्या पोराने करावी, हा त्यातला हिशेब. शिरूर तालुक्यात जीप दोनदा जन्मली म्हणावयाची : एकदा पाबळला भंगारातून, आणि पुढे रांजणगावला.

दुसऱ्या जन्मातली जीप पहिल्या जन्मातल्या पोराला दार उघडत नाही. तिच्या पेटीतला क्लच बदलावयाचा तर खास हत्यारे लागतात. नवा बसविल्यावर तो कोठे धरतो हे गणकयंत्राला पुन्हा शिकवावे लागते, आणि ते शिकविण्याची प्रणाली कंपनीच्या हाती. कलबागांचे आडाणे निराळे होते. ते नव्या यंत्राला भ्याले नाहीत. २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या साह्याने गणकयंत्रावर चालणारी फॅब लॅब त्यांनी पाबळला आणली, आणि एमआयटीच्या बाहेर निघालेल्या अशा पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. पुढच्याच वर्षी ते गेले. २०१७ च्या गाड्यांची हमी केव्हाच सरली. त्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे, पुण्यातून तालुक्याच्या गावी येऊ लागल्या आहेत, आणि पहिला धक्का बसला की तो मालक गाडी घेऊन जातो ती ओळखीच्या फिटरकडेच. फिटर बॉनेट उघडतो, तेल बोटावर घेऊन हुंगतो, आणि गाडी पुण्याला न्यावयास सांगतो.