‘ऑप्ट आउट’ म्हणजे काय? पीककर्ज घेणाऱ्या कास्तकारांनी वाचावे

खरिपाचं कर्ज उचलताना बँकेत विचारतात, ‘विम्यातून ऑप्ट आउट करायचं आहे का?’ बरेच जण नुसती मान हलवतात. पण पीकविम्याचा हप्ता खात्यातून कटणार की नाही, हे या दोन शब्दांवर ठरतं.

इंग्रजीत ‘ऑप्ट’ म्हणजे निवडणे. त्याला ‘आउट’ जोडलं की आपल्या मर्जीने बाहेर राहणे. उलट शब्द ‘ऑप्ट इन’, म्हणजे स्वतःहून सामील होणे. ‘ड्रॉप आउट’ वेगळा, तो अर्ध्यावर शाळा सोडणाऱ्या पोरांसाठी वापरतात. 2015 मध्ये गॅस सबसिडीसाठी ‘गिव्ह इट अप’ची जाहिरात होती, तिथे मिळत असलेली सवलत सोडायची होती. ऑप्ट आउटमध्ये तुमचं नाव आधीच धरलेलं असतं, नको असेल तर तुम्हीच सांगायचं. गप्प राहिलं तर होकार समजतात. गोम इथेच आहे.

प्रधानमंत्री पीक विमा योजना 2016 च्या खरिपापासून सुरू झाली. तेव्हा कर्जदाराला विमा सक्तीचा होता. 2020 च्या खरिपापासून तो ऐच्छिक झाला. मात्र कर्जदाराला विमा नको असेल तर शेवटच्या तारखेच्या किमान 7 दिवस आधी बँकेला तसं लिहून द्यावं लागतं. तारीख 31 जुलै असेल तर 24 जुलैच्या आत. तोंडी सांगून भागत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का घ्या. बिनकर्जदाराचं उलटं आहे, त्याने स्वतः अर्ज केला तरच विमा.

2023 पासून राज्यात एक रुपयात विमा होता, म्हणून कोणी विचार करत नव्हतं. 2025 च्या खरिपापासून ते बंद झालं. आता धानाला विमा रकमेच्या जास्तीत जास्त 2 टक्के, कापसाला 5 टक्के हप्ता आहे. समजा धानाची विमा रक्कम 50,000 असली, तर 1,000 रुपयांपर्यंत कटू शकतात.

तरी आपल्या जंगलपट्ट्यात घाईने सही करू नका, असं माझं मत. रानडुकरांनी केलेलं नुकसान आणि धानाची बांधी पाण्याखाली जाणं, हे दोन्ही 2026 च्या खरिपापासून विम्यात घेण्याचं केंद्राने जाहीर केलं आहे. आपल्या जिल्ह्याला ते लागू आहे का, हे कृषी सहायकाला आधी विचारा. अशा नुकसानीची खबर 72 तासांत पीकविमा अ‍ॅपवर फोटोसह द्यायची असते. ऑप्ट आउट केलेल्याला तो दावा करता येत नाही.