टाचांचं मलम आणि भिंतीतला माल



गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाने टाचांचं मलम करायला घेतलं. कोकणातून मागवलेलं कोकमतेल, ज्याला तिकडे मुठेल किंवा भिरंडेल म्हणतात, त्यात खोबरेल आणि मधमाश्यांचं मेण. उसात, कांद्यात, शेणामातीत राबणाऱ्या आपल्या बायकांच्या टाचा कशा असतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पहिल्या डब्या घरच्या आणि ओळखीच्या बायकांनीच नेल्या. मग तालुक्याच्या प्रदर्शनात एक व्यापारी भेटले. डबी उघडून वास घेतला, बोटाला लावून बघितलं आणि म्हणाले, "ताई, माल चांगला आहे. फक्त लेबलवर 'सेरामाईड' लिहा. शहरात त्या शब्दाला पैसे मिळतात. चाळीसची डबी दीडशेला जाईल."

पुढच्या मासिक सभेत हाच विषय. आमच्या खजिनदार काकू म्हणाल्या, "लिहायला काय जातंय? शब्दाला काय शाई जास्त लागते?" बऱ्याच जणी हसल्या, आणि बऱ्याच जणींना ते पटलंही. कर्जाचा हप्ता डोक्यावर होता. तेवढ्यात मागून एका वहिनींनी विचारलं, "पण ते असतं तरी काय?" कुणालाच सांगता येईना. मग ठरलं, की आधी माहिती काढायची, मगच ठराव. गटातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलींना कामाला लावलं, आम्हीही वाचलं, डॉक्टरांना विचारलं. त्यातून जी गोष्ट हाती लागली ती आज तुम्हाला सांगतो.

कोरड्या कातडीला स्निग्ध काहीतरी लावायचं, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी रोममध्ये गेलन नावाचे वैद्य होते. मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी एकत्र घोटून केलेलं मलम त्यांच्या नावावर सांगितलं जातं. त्यातलं पाणी उडताना कातडीला गार वाटायचं. आपण आजही ज्याला कोल्ड क्रीम म्हणतो त्याचं मूळ ते. ग्रीक आणि रोमन लोक मेंढीच्या लोकरीतली चरबीही वापरत. तीच चरबी शुद्ध करून जर्मनीत १८८२ च्या सुमारास 'लॅनोलिन' म्हणून बाजारात आली. त्याआधी १८५९ मध्ये रॉबर्ट चेसब्रो हा तरुण रसायनतज्ज्ञ अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर गेला. पंपाच्या दांड्यांवर साचणारं काळपट मेण तिथले कामगार भाजल्या-कापल्यावर लावताना त्याने पाहिलं. ते शुद्ध करून त्याने १८७२ मध्ये पेटंट घेतलं. तेच आपलं व्हॅसलीन. म्हणजे मोठा शोध लावला रसायनतज्ज्ञाने, पण गुण आधी ओळखला तो राबणाऱ्या हातांनी. हे आपण लक्षात ठेवू.

आता सेरामाईडकडे येऊ. त्याची सुरुवात कातडीत नाही, मेंदूत झाली. लंडनमध्ये थुडिकुम नावाचे जर्मन वंशाचे डॉक्टर मेंदूतले स्निग्ध पदार्थ वेगळे करत होते. १८८४ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला. एक पदार्थ त्यांना कोड्यासारखा वाटला, म्हणून कोडी घालणाऱ्या स्फिंक्स या ग्रीक कथेतल्या प्राण्यावरून त्यांनी त्याला 'स्फिंगोसिन' नाव दिलं. या स्फिंगोसिनला एक स्निग्ध आम्ल जोडलं की होतं ते सेरामाईड. ते आपल्या कातडीत काय काम करतं, हे कळायला पुढे जवळजवळ शंभर वर्षं गेली.

मधे दोन धागे जुळावे लागले. पहिला १९२९ चा. अमेरिकेत मिनेसोटामध्ये जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर हे नवराबायको उंदरांवर प्रयोग करत होते. आहारातून तेल-तूप पूर्ण बंद केलं तर उंदरांच्या कातडीवर खवले येत, शेपटी खराब होई आणि पाणीही ते जास्त पीत. त्यावरून कळलं, की काही स्निग्ध आम्लं शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच मिळावी लागतात. त्यातलं मुख्य लिनोलिक आम्ल. आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात ते भरपूर असतं, सूर्यफुलातही असतं. पुढे १९८० च्या दशकात समजलं, की कातडीतल्या काही खास सेरामाईडला हेच लिनोलिक आम्ल जोडलेलं असतं. म्हणजे कातडीची निगा डबीतून सुरू होत नाही, ताटातून सुरू होते.

दुसरा धागा १९५२ चा. अर्विन ब्लँक या अमेरिकी संशोधकाने वाळून कडक झालेले कातडीचे तुकडे घेतले. तेलात ठेवले तर ते कडकच राहिले. पाणी मिळालं तेव्हा मऊ पडले. मैत्रिणींनो, हे वाचून आम्ही चाटच पडलो! आपण समजतो की तेल टाचा मऊ करतं. मऊ करतं पाणी. तेलाचं काम झाकणाचं, आतलं पाणी उडू न देण्याचं.

मग पाणी आत धरून कोण ठेवतं? कातडीचा सगळ्यात वरचा थर कागदाहून पातळ असतो, आणि बराच काळ तो नुसता मेलेला कचरा समजला जाई. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियाचे त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी हा थर नीट अभ्यासण्याजोगा आहे हे दाखवलं. पण याच क्लिगमननी होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांवर १९५१ ते १९७४ या काळात प्रयोग केले. कैद्यांना थोडे पैसे देत, काय लावलंय ते धड सांगत नसत. त्यात कृष्णवर्णीय कैदी फार होते. फिलाडेल्फिया शहराने त्याबद्दल २०२२ मध्ये जाहीर माफी मागितली. आपल्या डबीमागचं काही ज्ञान अशाही वाटेने आलं आहे. ते झाकून गोष्ट सांगितली तर ती अर्धीच होईल.

१९८३ मध्ये पीटर इलायस या सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी चित्र स्पष्ट केलं. वरचा थर म्हणजे विटांची भिंत. पेशी म्हणजे विटा, आणि मधे गवंडी भरतो तसा माल. हा माल स्निग्ध पदार्थांचा. त्यात वजनाने साधारण निम्मं सेरामाईड, पाव भाग कोलेस्टेरॉल आणि १० ते १५ टक्के मोकळी स्निग्ध आम्लं. माल भक्कम तर आतलं पाणी आत आणि बाहेरचे जंतू, धूळ, साबण बाहेर. माल झिजला की भिंतीला भेगा. भांड्याची पावडर, धुण्याचा सोडा, कडक साबण, कढत पाणी हाच माल धुऊन नेतात. आपल्या हातांचं हेच होतं.

१९९१ मध्ये जपानात गेंजी इमोकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की ज्यांना लहानपणापासून खाजरा इसब असतो त्यांच्या कातडीत सेरामाईड कमी असतं, चट्टा नसलेल्या जागीही. मग बाहेरून भरून काढता येईल का? १९९३ मध्ये इलायस यांच्याच गटाने उंदरांच्या कातडीवरचा माल द्रावणाने धुऊन काढला आणि वरून वेगवेगळे पदार्थ लावले. या तिघांपैकी एकच किंवा दोनच लावले, तर भिंत दुरुस्त व्हायला उलट उशीर लागला. तिन्ही एकत्र दिले तेव्हाच काम नीट झालं, आणि पुढे योग्य प्रमाणात दिले तेव्हा लवकर झालं. गवंडीकाम करणाऱ्या बाईला हे लगेच कळेल. नुसतं सिमेंट ओतून भिंत उभी राहत नाही. वाळू लागते, पाणी लागतं, आणि प्रमाण लागतं.

याच शोधातून सेरामाईडची मलमं निघाली. आता सेरामाईड कारखान्यात बनवतात, काही यीस्टच्या मदतीने आंबवून. ते महाग पडतं. मग ते साध्या मलमापेक्षा फार सरस का? २०११ मध्ये अमेरिकेत सौम्य ते मध्यम इसब असलेल्या ३९ मुलांवर तुलना झाली. त्यात डॉक्टरी चिठ्ठीवर मिळणारं महाग सेरामाईड मलम होतं आणि व्हॅसलीनच्या जातीचं, दुकानात सहज मिळणारं स्वस्त मलमही होतं. स्वस्त मलमाने तेवढंच काम केलं. अभ्यास छोटा होता, पण आमच्या सभेत तो वाचला तेव्हा खजिनदार काकू काही बोलल्या नाहीत.

आपल्या शेजारच्या बांगलादेशातली गोष्ट तर त्याहून मोठी. ढाक्याच्या बाळांच्या रुग्णालयात फार लवकर जन्मलेल्या बाळांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली सूर्यफुलाचं तेल किंवा व्हॅसलीनसारखं मलम लावलं. २००८ मध्ये निष्कर्ष आले. तेल लावलेल्या बाळांमध्ये मृत्यू २६ टक्क्यांनी कमी, मलम लावलेल्यांत ३२ टक्क्यांनी कमी. पण म्हणून कुठलंही तेल चालतं असं नाही. उंदरांच्या कातडीवरच्या प्रयोगात मोहरीच्या तेलाने भिंत दुरुस्त व्हायला उशीर लावला. आणि निरोगी बाळाला रोज मलम चोपडून इसब टळतं असंही नाही. ब्रिटनमध्ये सुमारे १४०० बाळांच्या अभ्यासात त्यांतल्या निम्म्या बाळांवर वर्षभर हे करून पाहिलं. २०२० मध्ये उत्तर आलं, की फरक पडत नाही.

एवढं कळल्यावर आमची पुन्हा सभा झाली. आमच्या मलमात सांगण्यासारखं सेरामाईड नव्हतं. ते चांगलं झाकण होतं, माल नव्हता. मग लेबलवर तो शब्द लिहिणं म्हणजे आपल्यासारख्याच एखाद्या बाईच्या पदरचे एकशे दहा रुपये खोटं बोलून काढणं. चौदापैकी अकरा जणींनी हात वर केला आणि ठराव झाला, की शब्द लिहायचा नाही. काकूंचा हात आधी खाली होता, शेवटी वर आला.

याच चौकशीत आणखी एक गोष्ट समजली, आणि ती आम्हाला झोंबली. विकण्यासाठी सौंदर्यप्रसाधन बनवायचं तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. आम्ही तो काढलाच नव्हता. दुसऱ्याच्या खोट्यावर चर्चा करता करता स्वतःची चूक सापडली. परवान्याच्या मागे लागलो आहोत, तोपर्यंत विक्री बंद. हंगाम हातचा गेला. त्या महिन्याचा हप्ता आम्ही शेवयांच्या पैशातून भरला.

घरी वापरायच्या डब्या मात्र चालू आहेत, पण पद्धत बदलली. आधी कोरड्या टाचांवर मलम चोळायचो. आता पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायचे, फडक्याने टिपायचे, आणि ओलसर असतानाच मलम लावून मोजे घालायचे. आधी पाणी, मग झाकण. साध्या व्हॅसलीननेही हे होतं. साखरेचा आजार असेल, भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, बाळाच्या अंगावर ओले चट्टे असतील, तर घरगुती काही न करता दवाखाना गाठायचा.

आणि बाजारात डबीवर 'सेरामाईड' दिसलं तर पैसे काढण्याआधी डबी उलटी करा. मागे घटकांची यादी असते. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. जो शब्द पुढे ठळक आहे, तो मागे कुठे आहे ते शोधा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला वाचायला सांगा. तिचाही अभ्यास होईल.

पुन्हा भेटू. नमस्कार.