कानानं ठेवलेली नावं

आजचा विषय व्याकरणातला आहे, पण तो आपल्याला थेट रणांगणावर नेणार आहे.

सणसण, घरघर, कडकडाट, धडाम. आवाजाची नक्कल करून तयार झालेल्या अशा शब्दांना आपण अनुकरणवाचक शब्द म्हणतो. ते लहान मुलांच्या गोष्टींत शोभतात, असा सर्वसाधारण समज. विसाव्या शतकातल्या सैनिकांनी मात्र असेच शब्द शस्त्रांना दिले आणि त्यात जिवावरच्या धोक्याची माहिती साठवली.

सुरुवात दक्षिण आफ्रिकेपासून करू. १८९९ साली बोअर युद्ध पेटलं. बोअरांकडे हिराम मॅक्झिमची ३७ मिलिमीटरची स्वयंचलित तोफ होती. साधारण एक पौंडाचे गोळे ती एकापाठोपाठ एक फेकायची. त्या ठोक्यांवरून ब्रिटिश सैनिकांनी तिचं नाव ठेवलं ‘पॉम-पॉम’. पुढे ब्रिटिशांनीही ती तोफ घेतली. हे नाव इतकं रुजलं, की दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या दोन पौंडी विमानवेधी तोफेलाही तेच होतं.

पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या ७७ मिलिमीटर तोफेच्या गोळ्याला ब्रिटिश सैनिक ‘व्हिज-बँग’ म्हणू लागले. १९१४ च्या शरद ऋतूत फ्रान्समध्ये उतरलेल्या आपल्या हिंदी पलटणींनीही जर्मन तोफखान्याचा मारा सोसला. आता या नावाची फोड करून पाहा. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. हा गोळा नळीतून त्याहून बराच जास्त वेगानं सुटायचा. म्हणजे जवळच्या पल्ल्यात तोफेचा आवाज येण्याआधी गोळाच येऊन फुटायचा. हॉवित्झरचा गोळा उंच कमान घेत, तुलनेनं सावकाश येतो. त्याची घरघर ऐकून आडवं पडायला क्षणभर तरी मिळतो. ‘व्हिज’ आणि ‘बँग’ यांच्यामध्ये ती फट नाही. नव्या शिपायाला हा एक शब्द पुरेसा होता: याच्या बाबतीत वाट पाहू नकोस, आधीपासूनच खंदकात राहा.

दुसऱ्या महायुद्धात हीच गोष्ट उलट बाजूनं घडली. रशियनांच्या ७६ मिलिमीटर तोफेला जर्मन सैनिक ‘राच-बुम’ म्हणत. जर्मनमध्ये ‘राच’ म्हणजे कापड टर्रकन फाटल्याचा आवाज. आधी गोळा, मग मागून तोफेचा ‘बुम’. इंग्रजाचा कान ‘बँग’ ऐकतो, जर्मनाचा ‘बुम’, आपला ‘धडाम’. अक्षरं वेगळी, पण आवाजांचा क्रम प्रत्येकानं नीट जपला, कारण कामाचं तेच होतं. पायदळात शिकवतात ते ‘क्रॅक अँड थंप’ याच तत्त्वावर चालतं. आधी डोक्यावरून जाणाऱ्या गोळीचा कडाका, नंतर रायफलचा दबका ठोका. दोन्हींतलं अंतर जितकं जास्त, तितका गोळी झाडणारा दूर.

१३ जून १९४४ रोजी लंडनवर पहिला व्ही-१ बॉम्ब पडला. हे वैमानिक नसलेलं उडतं शस्त्र भुंग्यासारखं गुणगुणत यायचं, म्हणून त्याला ‘बझ बॉम्ब’ म्हणू लागले. इथे अर्थ फिरला. गुणगुण चालू आहे तोवर ठीक. ती थांबली, की बॉम्ब खाली येतोय. लोक आवाजाऐवजी शांततेला घाबरू लागले.

आणि तीनच महिन्यांत, ८ सप्टेंबरला, व्ही-२ आला. हे रॉकेट ध्वनीच्या कित्येक पट वेगानं कोसळायचं. आधी स्फोट, आणि येण्याचा आवाज त्यानंतर. जो वाचला, त्यालाच तो ऐकू येणार. सावध करणारा आवाजच उरला नाही, तिथे ‘व्हिज-बँग’सारख्या शब्दाचा उपयोग काय?

पॉम-पॉमपासून व्ही-२ पर्यंत जेमतेम ४५ वर्षं. सरकारी कागदांत या शस्त्रांचा व्यास, वजन आणि पल्ला मिळतो. पण मारा झेलणाऱ्याच्या हाती किती वेळ होता, हे सैनिकांनी कानानं ठेवलेली नावं सांगतात. युद्धाच्या इतिहासात असा शब्द दिसला, तर तो गमतीचा म्हणून ओलांडून जाऊ नका. तोही पुरावाच आहे.