अवटु ग्रंथीची प्रतिपिंडे आणि अंडसंचय : दोन सिद्धांतांचा इतिहास

अवटु अर्थात थायरॉइड ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे ज्या स्त्रीच्या रक्तात आढळतात, तिच्या अंडाशयातील अंडपेशींचा संचयही अकाली घटतो काय, हा प्रश्न स्त्रीरोगशास्त्रात आज वारंवार उपस्थित होतो. या प्रश्नामागे दोन स्वतंत्र विचारपरंपरा आहेत. त्यांचा मागोवा घेतल्याखेरीज त्याचे मोल ठरविता यावयाचे नाही.

पहिली परंपरा प्रतिकारशास्त्राची. शरीर स्वतःच्याच घटकांवर आघात करीत नाही, हे पाउल एर्लिख यांचे मत विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रमाण मानले जात असे. १९१२ मध्ये फुकुओका येथील शल्यविशारद हाकारु हाशिमोतो यांनी चार स्त्रियांच्या अवटु ग्रंथींत लसीकापेशींची दाट गर्दी झाल्याचे वर्णन केले; परंतु तिचे कारण अज्ञातच राहिले. पुढे १९५६ मध्ये रोज व विटेब्स्की यांनी सशांमध्ये त्यांच्याच ग्रंथीच्या अर्काने तसाच विकार निर्माण करून दाखविला. त्याच वर्षी लंडन येथे रॉइट, डॉनिअक आदी संशोधकांना हाशिमोतो-विकाराच्या रुग्णांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिनविरोधी प्रतिपिंडे आढळली. अशा रीतीने जुना सिद्धांत ढासळला.

दुसरी परंपरा भ्रूणविज्ञानाची. स्त्रीचा अंडसंचय जन्मतःच ठरलेला असतो, हे वाल्डायर यांनी १८७० मध्ये मांडलेले मत झुकरमन यांनी १९५१ मध्ये पुराव्यानिशी दृढ केले. बेकर यांच्या १९६३ मधील गणनेनुसार गर्भाच्या पाचव्या महिन्यात सुमारे ७० लाख असलेल्या बीजपेशी जन्मसमयी सुमारे २० लाखांवर येतात. २००४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे या मताला आव्हान मिळाले खरे. तथापि मानवाच्या बाबतीत ते सर्वमान्य झालेले नाही.

या दोन परंपरांचा सांधा जुळतो कोठे? अंडाशयावरील स्वप्रतिकारी आघाताचा सबळ पुरावा मिळाला तो अधिवृक्क ग्रंथीच्या अॅडिसन-विकारात. १९६८ मध्ये आयर्विन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. अवटु ग्रंथीच्या बाबतीत असा थेट दुवा सिद्ध झालेला नाही. अंडसंचयाचे निदर्शक म्हणून २००२ नंतर रूढ झालेल्या अँटी-म्युलेरिअन हॉर्मोनची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्षही परस्परविसंगत आहेत. यात वयाचा विचार निर्णायक ठरतो. वाढत्या वयाबरोबर ही प्रतिपिंडे अधिक स्त्रियांत आढळू लागतात आणि अंडसंचय तर घटतच जातो. म्हणून वयाची काटेकोर जुळणी न करता केलेल्या तुलनेत केवळ सहभाव हा कार्यकारणभाव भासण्याचा संभव असतो.

हा विवेक केवळ तात्त्विक नव्हे. १९९० मध्ये स्टॅग्नारो-ग्रीन यांनी ५५२ गर्भवतींच्या पाहणीत प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांत गर्भपाताचे प्रमाण १७ टक्के, तर इतरांत ८.४ टक्के असल्याचे दाखविले. यावरून संप्रेरक देण्याचा उपाय साहजिकच सुचला. परंतु अवटु ग्रंथीचे कार्य प्राकृत असलेल्या, पण प्रतिपिंडे आढळलेल्या ९५२ स्त्रियांवर ब्रिटनमध्ये झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्या गटात जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण ३७.४ टक्के, तर निरौषध गोळी घेणाऱ्या गटात ३७.९ टक्के आढळले.

सारांश, प्रतिपिंडे आढळल्यास अवटु ग्रंथीच्या कार्यावर लक्ष ठेवणे युक्तच होय; परंतु तेवढ्यावरून कोणा स्त्रीस वंध्यत्वाचे भाकीत ऐकविण्यास उपलब्ध पुरावा आधार देत नाही.